आईसाहेबांचा जिन्यावरील मुक्काम

सकल सुज्ञांस विदित व्हावे ऐसे जे, पृथ्वीवर राज्ये होतात आणि जातात, किल्ले बांधले जातात आणि पडतात, आणि ज्यांनी लढाई नुसती लांब टेकडीवर बसोन पाहिली त्यांच्याही पराक्रमाच्या पोथ्या भरतात. परंतु ज्या घरी माणसाने संसार केला, ज्याच्या भिंतींस खिळे ठोकले आणि खिळा कोठे ठोकावा यावरोन आठ-आठ दिवस अबोला धरिला, ते घर परक्याचे हवाली करतेसमयी जी रणे माजतात त्यांची दखल कोणी घेत नाही, आणि त्यामुळे पुढील पिढ्या गाफील राहतात, आणि मग एके दिवशी त्यांचेही दारी तपासनीस हातोडी घेऊन उभा ठाकतो. हा अन्याय दूर व्हावा म्हणोन ही हकीकत जैसी घडली तैसी, पदरचे अक्षर न घालता, आणि घातलेच तर शोभेपुरते घालोन, लिहिली असे. वाचणाराने हसू आल्यास हसावे, परंतु हसताना आपल्या घरच्या गळक्या नळाचे एकवार स्मरण करावे.

या घरी आईसाहेब बहुत वर्षे सत्ता चालवीत होत्या. पूर्वायुष्यात त्या शाळेत कवायतीच्या बाई होत्या, आणि तेथे त्यांचा दरारा असा की, त्यांनी शिट्टी ओठांस लावली म्हणजे मैदानावरील पोरे तर ताठ होतच, परंतु कुंपणाबाहेरोन सायकलीवर चाललेला पोस्टमनदेखील उतरोन पाय जुळवी. त्यांनी हजारो लेकरांस "गुडघे वर!" ऐसा हुकूम केला आणि हजारो गुडघे वर जाहले, आणि ज्यांचे न जाहले त्यांस उठाबशांची सजा फर्मावली, आणि त्या सजेस कधी माफी नव्हती. परंतु दैवाची करणी विचित्र. ज्या गुडघ्यांच्या बळावर त्यांनी एवढा मुलूख धाकात ठेविला तेच गुडघे उतारवयात उलटले. प्रथम उजवा फितूर जाहला, मग त्याचे पाहोन डावाही बिघडला, आणि मग हाडांच्या डॉक्टरांनी दोहोंच्या तसबिरी काढोन, उजेडावर धरोन, निवाडा दिला की यापुढे जिना वर्ज्य करावा.

आणि घर तर दुमजली. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वरती निजावयाची खोली आणि न्हाणीघर, आणि दोहोंचे मध्ये जिना, जो बांधणाराने जागा वाचविण्याचे लोभाने इतका उभा बांधला होता की पाहुणे उतरताना बोलणे बंद करोन कठडा धरीत. आईसाहेब सकाळी एकवार उतरत आणि झोपतेवेळी एकवार चढत, आणि चढणेही एका दमात नव्हे, तर मधल्या टप्प्यावर एक लाकडी खुर्ची ठेवविली होती तेथे मुक्काम करीत, आणि श्वास ताळ्यावर आला म्हणजे उरलेली मोहीम उरकीत. खाली असता वरचे काही आठवले तर ते विसरोन जाण्याचा यत्न करीत, आणि वर असता खाली कोण आले याची चौकशी ओरडोन करीत. ज्या बाईने शाळेच्या मैदानास रोज सकाळी फेऱ्यांवर फेऱ्या घातल्या, तिने आता घरातल्या घरात पाऊल जपोन खर्चावे, हे दुःख त्यांनी कोणास सांगितले नाही. परंतु ते सर्वांस दिसे.

तेसमयी दोन गल्ल्या पलीकडे एका शिंप्याचे बैठे घर विक्रीस निघाले. त्यास पायरी म्हणोन नव्हती, आणि उंबरठा असा की मांजरदेखील खाली न पाहता ओलांडी. आईसाहेबांनी ते घर एकवार पाहिले, आणि या खोलीतोन त्या खोलीत गेल्या, आणि यजमानांनी, म्हणजे त्यांच्या पतिराजांनी, त्यांचा चेहरा पाहोन ओळखिले की आता हेच घर. शिंपी भला माणूस. त्याने शब्द दिला की, "शनिवारपर्यंत थांबतो. पण त्यापुढे नाही हं जमायचं, दुसरं गिऱ्हाईक सारखं फोन करतंय." आणि हे जुने घर विकल्यावाचून ते नवे घेता येत नव्हते. सगळी मसलत या एका खिळ्यास टांगली होती.

मग आईसाहेबांनी हुकूम जारी केला, आणि या हुकुमातच पुढील सर्व अनर्थाचे बीज होते. हुकूम ऐसा की, घर का विकता म्हणोन कोणी गिऱ्हाइकाने पुसल्यास गुडघ्यांचा उच्चार करू नये. कारण हेच की, कवायतीच्या बाईंचे गुडघे गेले ही वार्ता गावभर होईल, आणि ज्यांनी उन्हात उठाबशा काढिल्या ते आता मोठे होवोन मिशीत हसतील. चिरंजीवांनी नम्रपणे अर्ज केला की, "अगं आई, त्यात लाजायचं काय? वय झालं की होतंच." त्यावर आईसाहेबांनी केवळ त्यांच्याकडे पाहिले, आणि चिरंजीव चाळिशीचे असता इयत्ता चौथीत गेले.

यथाकाळ गिऱ्हाईक आले. त्या दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, बोलण्यास गोड आणि नजरेने बारीक. घर त्यांच्या मनास आले. खिडक्या मोठ्या, गल्ली शांत, आणि दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर. मग त्यांनी, जैसे कोणीही पुसेल तैसे, सहज पुसले की एवढे चांगले घर विकता का? येथे घात जाहला. कारण आईसाहेबांनी काय बोलू नये याचा हुकूम केला होता, काय बोलावे याचा केलाच नव्हता. चिरंजीव म्हणाले की कचेरी लांब पडते, आणि त्याच क्षणी सूनबाई म्हणाल्या की घरात ऊन फार कमी येते, आणि त्या म्हणत असता ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर पडोन त्यांस हात आडवा धरावा लागला, आणि यजमानांचे धाकटे बंधू, ज्यांस घरात भाऊजी म्हणत, त्यांनी दोघांस कुमक करावी या सद्हेतूने आवाज खाली आणोन सांगितले की, "तसं विशेष काही नाही हो. राहायला आलात की कळेलच." यजमानांस तर जन्मात खोटे बोलता आले नाही. त्यांस पुसताच ते "चहा टाकतो" म्हणोन स्वयंपाकघराकडे निघोन गेले, आणि पुन्हा पुसले तेव्हा पुन्हा गेले, आणि मग डॉक्टरीणबाईंस प्याल्यामागोन प्याला रिचवावा लागला.

डॉक्टरीणबाई हसतमुखाने उठल्या आणि हसतमुखाने गेल्या, परंतु मनात शंकेने घर केले. ज्यांच्या पेशात रोज कोणी तोंड दाबोन येतो आणि खुर्चीत बसताच "काही नाही, सहज आलो" म्हणतो, त्यांस असली बोलणी पाठ असतात. त्यांनी मनात म्हटले की, येथे काही मोठे किडले आहे. मग त्यांचा फोन सूनबाईंस आला तो ऐसा की, "घर मला आवडलंय. पण माझ्या ओळखीचे एक तपासनीस आहेत, शुक्रवारी त्यांना घेऊन येते. त्यांनी हो म्हटलं तर शनिवारी सह्या करून टाकू. नाही म्हटलं, तर राग मानू नका."

हे वर्तमान कळताच घरात एकच हलकल्लोळ उडाला, आणि त्याच सायंकाळी बैठकीच्या खोलीत खलबत बसले. घर जुने, आणि जुन्या घराच्या खोडी घरच्या माणसांस इतक्या अंगवळणी पडल्या होत्या की त्या खोडी आहेत हेच कोणी जाणत नव्हते. आता परक्याच्या नजरेने पाहो जाता एकेक उघडी पडली. बैठकीच्या खोलीत भिंतीस ओल होती, आणि तीवर देखाव्याचे चित्र टांगिले होते, परंतु ओल वाढत वाढत चित्राच्या चौकटीबाहेर डोकावू लागली होती. स्वयंपाकघराचे मागील दार दोहो हातांनी उचलोन, कमरेने धक्का देऊन, मग लागे. वरती न्हाणीघरापुढील एक फरशी पाय पडताच टक्क करोन बोले. आणि जिन्याच्या दिव्याचे बटन नुसते दाबिले तर काहीच होत नसे, दाबोन मग डावीकडे रेटोन धरिले तर दिवा लागे, आणि अंगठा काढिला की जाई. मिस्त्रीस तातडीने सांगावा धाडला, तो "उद्या येतो" म्हणाला, आणि मिस्त्रीचा उद्या कोणत्या वारी पडतो हे आजवर कोणास उमगले नाही.

तेव्हा आईसाहेबांनी पदर खोचोन मोर्चेबंदी केली. चिरंजीवांनी ओलीच्या भिंतीस खांदा लावोन, फोनवर बोलत असल्याचे सोंग करोन, उभे राहावे. सूनबाईंनी मागील दाराशी ठाण मांडोन, कोणी येताच गुपचूप कंबर लावावी. भाऊजी देहाने भारदस्त, जेवणानंतर तर अधिकच, सबब त्यांस वरती फरशीवर नेमिले, कारण ते उभे राहिले असता फरशीची बोलण्याची काय बिशाद होती. यजमानांनी बटनावर अंगठा ठेवोन जिन्याचा दिवा तेवता राखावा, आणि काहीही पुसले तरी चहा टाकावयास जाऊ नये, चहास सक्त मनाई. आणि आईसाहेब स्वतः जिन्याच्या मधल्या टप्प्यावर खुर्ची टाकोन बसतील, कारण तेथोन वरची आणि खालची दोन्ही ठाणी नजरेत राहतात. मग शिट्टी वाजवोन रंगीत तालीम जाहली, आणि तालीम इतकी चोख की कोणी पापणीदेखील लववली नाही, आणि आईसाहेबांनी शेवटी बजाविले, "शिट्टी वाजेपर्यंत जागा सोडायची नाही. भूकंप झाला तरी."

शुक्रवार उजाडला. दुपार टळता दाराची घंटा वाजली, आणि सर्व सरदार आपापल्या जागी धावले. येथे इतिहासास जागोन एक गोष्ट लिहिणे प्राप्त आहे. आईसाहेबांनी मधला टप्पा मोक्याचे ठिकाण म्हणोन निवडिला खरा, परंतु त्या दिवशी सकाळपासोन धावपळ करोन, शेवटी भाऊजी फरशीवर बरोबर उभे आहेत की नाही हे पाहावयास त्या वरती निघाल्या होत्या. टप्प्यापर्यंत आल्या आणि उजव्या गुडघ्यात ऐसी कळ उठली की पुढे पाऊल टाकवेना, आणि खाली पाहिले तो उतरण्याची हिंमत होईना. मग त्या खुर्चीत बसल्या आणि पाठ ताठ केली, आणि खालोन पाहणारास वाटावे की सेनापती टेहळणीस बसले आहेत. त्यांस स्वतःस मात्र ठाऊक होते की आपण अडकलो.

दार लोटोन तपासनीस आत आले, मागोमाग डॉक्टरीणबाई. तपासनीस देहाने किरकोळ. खिशात टॉर्च, पिशवीत लहान हातोडी, लेव्हलची नळी, ओल मोजावयाचे यंत्र आणि एक काचेची गोटी, आणि चेहरा ऐसा की त्यावर पसंती नाही आणि नापसंतीही नाही. त्यांनी घाम पुसला, एकवार सभोवार पाहिले, आणि म्हणाले, "उन्हातून आलोय. जरा पाणी मिळेल का?"

या एका वाक्याने जो हाहाकार उडाला तो तोफांनी उडाला नसता. तालमीत सर्व गोष्टींचा विचार जाहला होता, पाण्याचा जाहला नव्हता. पाहुण्याने पाणी मागितले असता ज्या घरी एरवी सारेच उठोन दारात एकमेकांस धडकत, त्या घरी आज कोणी हालेना. चिरंजीव भिंतीस टेकल्या टेकल्या ओरडले, "अगं, पाणी आण ना!" सूनबाई आतोन म्हणाल्या, "तूच घे ना जरा, माझे हात भरलेत," आणि त्यांचे दोन्ही रिकामे हात दाराच्या कडीवर होते हे बैठकीच्या खोलीतोन साफ दिसत होते. पाण्याची बाटली टेबलावर समोरच, सूनबाईंनी एक पाय दारास लावोन दुसरा लांबविला, मग हात लांबविला, तरी वीतभर कमी पडले. वरोन भाऊजींचा भारदस्त आवाज आला, "थांबा, मी आणतो!" आणि मग कोणीच आले नाही. यजमानांचे प्राण तर स्वयंपाकघराकडे धावले, परंतु अंगठा बटनावर खिळला होता, सबब ते जागीच डुलत राहिले. आणि टप्प्यावर बसल्या आईसाहेबांच्या मनास लागले, की आपल्या दारी माणूस तहानेला उभा आहे आणि आपण उठू शकत नाही. अखेर डॉक्टरीणबाईंनीच आत जाऊन बाटली आणिली आणि पेला भरोन तपासनीसास दिला. जे घर अद्याप विकत घेतले नाही त्या घरी त्यांनी यजमानपण केले.

तपासनीसांनी पाणी पिताना पेल्याच्या काठावरोन एकेकास न्याहाळिले. त्यांनी आयुष्यात पुष्कळ घरे पाहिली होती. पेला रिकामा जाहला तेव्हा त्यांनी खिशातली टॉर्च पुन्हा खिशात खोल सारली, हातोडी पिशवीतोन काढिलीच नाही, आणि भिंतींकडे न पाहता थेट माणसांकडे चालते जाहले.

प्रथम चिरंजीवांवर चाल जाहली. चिरंजीव फोनवर कोणास तरी "हो हो, अगदी बरोबर" म्हणत होते, इतक्यात त्याच फोनची घंटा त्यांच्या कानात मोठ्याने वाजली, आणि मग सोंगास अर्थ राहिला नाही. तपासनीस नम्रपणे म्हणाले, "जरा बाजूला होता?" चिरंजीव बाजूस जाहले, आणि त्यांच्या शर्टाच्या खांद्यावर ओलीचा छाप असा उमटला होता की यंत्र लावण्याची गरज उरली नाही. मग स्वयंपाकघरावर चाल जाहली. सूनबाईंनी निकराने कंबर लाविली, परंतु तपासनीसांनी दारास हात न लावता सूनबाईंसच बोटभर पुढे येण्याची विनंती केली, आणि त्या पुढे येताच दार कुरकुरत आपसूक उघडोन त्यांच्यामागोन आत निघाले. दोन ठाणी पडली. यजमानांपाशी येवोन तपासनीसांनी त्यांचा अंगठा पाहिला, अंगठ्याचे टोक पांढरे पडले होते तेही पाहिले, आणि केवळ इतके म्हणाले, "राहू द्या काका, मला वर जाताना उजेड लागेल."

मग स्वारी जिना चढो लागली. टप्प्यावर आईसाहेब बसल्या होत्या. त्यांनी पाय किंचित आवरोन वाट दिली, परंतु उठल्या नाहीत. तपासनीसांनी हे टिपिले. वरती भाऊजी फरशीवर पहाडासारखे उभे, आणि घाम गळत असता हसत. त्यांस सरकावयास सांगितले तेव्हा त्यांनी, "मी इथेच उभा असतो नेहमी," ऐसे उत्तर केले. परंतु माणसाने न्हाणीघराच्या दारात नेहमी का उभे असावे, हे सांगता न येवोन ते सरकले, आणि बहुत वेळ दडपलेली फरशी मोकळी होवोन इतक्या जोराने बोलिली की खाली चिरंजीवांनी डोळे मिटोन घेतले.

परतताना तपासनीस मधल्या टप्प्यावर थबकले. डॉक्टरीणबाई मागे दोन पायऱ्या वर उभ्या राहिल्या. तपासनीसांनी मनात हिशेब मांडिला तो ऐसा की, लहान दोषांवर लहान माणसे बसविली, आणि सर्वांत थोर माणूस ज्या जागी बसले आहे, आणि पाणी मागितले तरी, वाट मागितली तरी उठत नाही, तेथे घराचा सर्वांत मोठा दोष असला पाहिजे. जिना खचला असेल, नाहीतर आतली तुळई फुटली असेल. मग त्यांनी सर्व शस्त्रे काढिली. टॉर्च मारोन छत पाहिले, चांगले. हातोडीने भिंत वाजविली, ठणठणीत. यंत्र लाविले, ओल नाही. कठड्यावर नळी ठेविली, त्यातला बुडबुडा मधोमध बसोन राहिला. अखेर खुर्चीजवळ जमिनीवर काचेची गोटी ठेविली, आणि खालोन सहा डोळे आणि वरोन भाऊजींचे दोन, त्या गोटीकडे श्वास रोधोन पाहत राहिले. गोटी हालली नाही. परंतु तपासनीसांची शंका निवण्याऐवजी दुणावली. बरे, आईसाहेबांस उठावयास सांगावे तर त्या म्हणाल्या, "मी इथेच बरी आहे."

"काकू," तपासनीस गोटी उचलोन म्हणाले, "सगळ्यांचं सापडलं. तुमचं सापडत नाहीये. इथे काय लपवलंय?"

आईसाहेबांनी खाली पाहिले. चिरंजीव ओला खांदा घेऊन उभे होते. सूनबाई दाराच्या चौकटीत ओठ चावीत होत्या. यजमान अंगठा न काढता त्यांच्याकडेच पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत ऐसे होते की, तू सांग अगर सांगू नको, मी येथेच आहे. मग आईसाहेबांनी वरती पाहिले, तेथे डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला होता, आणि त्यांनी हातातली पर्स काखेत मारली होती, जैसे निघताना मारतात. शनिवार उद्यावर आला होता. शिंप्याचे बैठे घर, ती एका सपाटीतली जमीन, आईसाहेबांच्या डोळ्यांपुढोन सरकत चालली. आणि त्यांचा हुकूम त्यांनीच मोडिला.

"इथे काही नाही हो," त्या म्हणाल्या. "भिंत चांगली आहे. जिनाही चांगला आहे. मी वर निघाले होते, इथपर्यंत आले, आणि आता वरही जाववत नाही नि खालीही उतरवत नाही. गुडघे गेलेत माझे. म्हणून विकतोय घर. दुसरं काऽही कारण नाही."

डॉक्टरीणबाई मटकन पायरीवर बसल्या. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "अहो, मला वाटलं घर खचतंय! ते काका म्हणाले राहायला आलात की कळेल, मला तीन दिवस झोप नाही. आधी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली," आईसाहेब म्हणाल्या. "जन्मभर पोरांना गुडघे वर, गुडघे वर म्हणत आले. आता कुणाला सांगू?"

वाचणारास वाटेल की डॉक्टरीणबाई हसल्या असतील. त्या हसल्या नाहीत. त्या दोन पायऱ्या बसल्या बसल्याच उतरल्या आणि आईसाहेबांच्या खुर्चीशी येवोन म्हणाल्या, "माझ्याकडेही लोक दुखणारा दात सोडून शेजारचा दाखवतात. मोठी मोठी माणसं. मग मी वाट बघते." आणि मग तपासनीसांकडे वळोन त्यांनी निवाडा पुसला. तपासनीसांनी सामान पिशवीत भरीत सांगितले की घराचा पाया पक्का, छत पक्के, जिना तर पिढ्यान् पिढ्या हलणार नाही. भिंतीची ओल बाहेरच्या फुटक्या पन्हळीची आहे, दाराच्या बिजागऱ्या सैल झाल्या आहेत, फरशीखाली चमचाभर सिमेंट हवे. एवढे झाले की घर उत्तम.

हे ऐकोन आईसाहेबांनी मोठा श्वास सोडिला. शिट्टी गळ्यात होती, परंतु ती वाजविण्याचे त्राण त्यांस उरले नव्हते, सबब नुसत्या मुखानेच आज्ञा केली, "विश्राम!" आणि शिस्त अशी की हुकूम होताच चिरंजीव खांदे पाडोन खुर्चीत कोसळले, सूनबाईंनी कंबर चोळली, भाऊजींनी वरती फरशीवर फतकल मारिली आणि ती टक्क करोन बोलिली, आणि यजमानांनी सुस्कारा टाकोन बटनावरचा अंगठा काढिला, आणि जिन्यात अंधार जाहला. त्या अंधारातोन तपासनीसांचा शांत आवाज आला, "बटनाचं मी मघाशीच हिशेबात धरलंय."

मग तह जाहला तो ऐसा: भिंत, दार, फरशी आणि बटन या चारी ठाण्यांची डागडुजी विकणाराने करोन द्यावी, डॉक्टरीणबाईंनी शनिवारी सह्या कराव्या, आणि भाऊजींनी यापुढे कोणासही घराविषयी काही सांगू नये. हे शेवटचे कलम आईसाहेबांनी आपल्या अखत्यारीत घातले आणि सर्वांनी एकमुखाने मान्य केले. तदनंतर यजमानांस चहाची परवानगी मिळाली. आता आईसाहेबांस खाली कैसे आणावे हा पेच उरला. चिरंजीव पुढे जाहले, परंतु जिना उभा आणि ते घाबरट, सबब एके बाजूस डॉक्टरीणबाई आणि दुसरे बाजूस तपासनीस, म्हणजे ज्यांनी वेढा घातला त्यांनीच, आईसाहेबांच्या कोपरांस धरिले, आणि आईसाहेब कवायतीच्या चालीवर "एक, दोन, थांब, एक, दोन, थांब" ऐसा स्वतःच इशारा देत पायरी पायरी उतरल्या. चुकीचा पाय टाकल्यामुळे तपासनीसांस मध्येच एकवार बोलणी बसली. शेवटच्या पायरीवर आईसाहेबांनी दोघांकडे पाहोन मान हलविली, आणि ज्यांनी त्यांच्या हाताखाली कवायत केली ते सांगतील की, ती मान फार थोड्यांच्या वाट्यास आली आहे.

शनिवारी सह्या जाहल्या. त्याच दिवशी शिंप्यास शब्द पोचला. मिस्त्री, ज्यास बोलावले तेव्हा आला नव्हता, तो सर्व दुरुस्ती यजमानांनी आणि चिरंजीवांनी मिळोन पुरी केल्यावर हजर जाहला आणि काम पाहोन नाक मुरडोन गेला. पुढे यथाकाळ कूच जाहले, हातगाडीवरोन कपाटे गेली, भांडी गेली, भाऊजी स्वतः पलंगाची एक बाजू धरोन बाकी सर्वांस दोष देत गेले, आणि सरतेशेवटी आईसाहेब पायी गेल्या, दोन गल्ल्या, काठी टेकीत, कोणाचा हात न धरता. वाटेत एका मध्यमवयीन गृहस्थाने, जो कधीकाळी त्यांच्या शिट्टीखाली उन्हात उभा राहिला होता, अदबीने विचारले, "बाई, पाय दुखतोय का?" तेव्हा आईसाहेब म्हणाल्या, "गुडघे गेले रे." आणि तो हसला नाही.

येणेप्रमाणे बैठे घर काबीज जाहले, आणि ही फत्ते खरी कशास म्हणावी त्याचा पुरावा येथे नोंदितो. नव्या घरी पहिल्या सकाळी आईसाहेब उठल्या, आणि निजावयाच्या खोलीतोन स्वयंपाकघरात गेल्या, आणि तेथोन माघारी खोलीत आल्या, आणि मग पुन्हा स्वयंपाकघराकडे चालो लागल्या. यजमान वर्तमानपत्र वाचीत होते. ते वर्तमानपत्र टाकोन उठले आणि म्हणाले, "काय गं, काय राहिलं? थांब, मी आणून देतो."

"काही राहिलं नाही," आईसाहेब म्हणाल्या. "उगाच जातेय."